पेशवाईचीं वस्त्रें आणि मधले रिकामे दिवस

बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीनजीक, खालापूर तालुक्यांत साजगांव म्हणून गांव आहे. तेथील विठोबाची कार्तिकांतील यात्रा प्रसिद्ध असून, यात्रेंत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरत असल्यामुळें लोक त्या देवास 'बोंबल्या विठोबा' या नांवानेंहि ओळखतात. घाटावरचा व तळचा माणूस एकमेकांस भेटावयाचें हें ठिकाण होय. मुंबई-पनवेलीकडून पुण्यास चढणारी वाट याच प्रदेशांतून जाते, आणि घाटाच्या उत्तरेस राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले उभे आहेत. या प्रदेशाचा मराठ्यांच्या इतिहासाशीं असलेला संबंध बहुधा इ. स. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईपुरताच सांगितला जातो. परंतु पेशवा कोण व्हावा, या प्रश्नाशीं या घाटाचा दोन वेळां निकटचा संबंध आला : एकदां १७१३ सालीं, भट घराण्यास पेशवाई प्रथम मिळाली तेव्हां, आणि दुसऱ्यांदा १७७८ च्या अखेरीस, त्याच घराण्यांतील एक पुरुष परक्या फौजेच्या बळावर ती मिळविण्यासाठीं हाच घाट चढून गेला तेव्हां. या दोन प्रसंगांच्या मध्यें जें घडलें त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रश्न असा. पेशवा हा छत्रपतींचा मुख्य प्रधान. शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकसमयीं, इ. स. १६७४ मध्यें, अष्टप्रधानांची जी व्यवस्था कायम केली, तींत प्रधानपद हें चाकरीचें पद होतें. पाटिलकी, कुळकर्ण किंवा देशमुखी यांसारखें वतन नव्हतें. वतनदार मेला म्हणजे त्याचा पुत्र वारशानेंच वतनदार होतो. प्रधान मेला म्हणजे छत्रपतींनीं वस्त्रें दिल्यावांचून दुसरा प्रधान होत नाहीं. असें असतां शके १६३५, म्हणजे इ. स. १७१३ पासून १८१८ पर्यंत, एकशें पांच वर्षें हें पद श्रीवर्धनकर भटांच्या एकाच घराण्यांत राहिलें. हें कसें घडलें?

यास दोन उत्तरें नेहमीं दिलीं जातात. कोणी म्हणतात, शाहूमहाराजांनीं कृपाळू होऊन हें पद त्या घराण्यास वंशपरंपरेनें दिलें. कोणी म्हणतात, पेशव्यांनीं धन्याची सत्ता बळकाविली व पद आपलें केलें. पहिलें उत्तर खरें मानावें, तर प्रत्येक पिढीस वस्त्रांसाठीं पुन्हां साताऱ्याकडे कां पाहावें लागलें, याचा उलगडा होत नाहीं. दुसरें खरें मानावें, तर सत्ता हातीं आल्यावरहि वस्त्रांचा उपचार त्यांनीं शेवटपर्यंत कां पाळला, हें कळत नाहीं. दोन्ही उत्तरांत नेमणुकीची रीत ही नांवापुरती समजली गेली आहे. आमच्या मतें ती नांवापुरती नव्हती; घराण्याची पकड बसली ती त्याच रीतीच्या आधारानें, आणि सुटूं लागली तीहि तींतल्याच एका उण्यामुळें.

युरोपच्या इतिहासांत या प्रश्नास जोड सांपडते. जर्मन साम्राज्याचा बादशहा हा निवडलेला असावा अशी तेथील रीत होती, व १३५६ च्या प्रसिद्ध सुवर्णसनदेनें निवडीचा अधिकार सात निर्वाचकांस ठरवून दिला होता. तरी १४३८ पासून १७४० पर्यंत बादशाही मुकुट हॅप्सबर्ग घराण्याबाहेर गेला नाहीं. यांतील युक्ति पाहण्यासारखी आहे. त्यांनीं निवडीची रीत मोडली नाहीं. निवडीची वेळ मात्र आपल्या सोयीची केली. बाप जिवंत असतांच पुत्रास, किंवा भाऊ जिवंत असतां भावास, 'रोमन लोकांचा राजा' म्हणून निवडून घ्यावयाचें, म्हणजे बादशहा मेला त्या घटकेस गादी रिकामी राहत नसे. मॅक्सिमिलियनची निवड १४८६ सालीं झाली, त्याचा बाप १४९३ त वारला. फर्डिनंडची निवड त्याचा भाऊ पांचवा चार्ल्स राज्य करीत असतां १५३१ त झाली. शिवाय त्यांच्या पदरीं स्वतःचा मुलूख इतका होता कीं, तो नसलेल्या दुसऱ्या कोणास बादशाहीचा खर्च झेपणें कठीण. फ्रान्सच्या कापे घराण्यानें तर ९८७ पासून ११७९ पर्यंत पुत्रास आपल्या हयातींत अभिषेक करण्याची चाल इतकी चालविली कीं, पुढें तिची गरजच उरली नाहीं.

पेशवा हा राजा नव्हता आणि छत्रपति हे निर्वाचक नव्हते, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. सादृश्य ओढून ताणून जुळवावयाचें नाहीं. परंतु जें पद दुसऱ्याच्या हातून मिळावयाचें तें एका घराण्यानें पिढ्यान् पिढ्या कसें राखावें, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे. आणि त्याचीं दोन अंगेंहि तींच आहेत. एक, आपणांवांचून दुसऱ्या कोणास तें पद पेलूं नये अशी स्थिति उत्पन्न करणें. आणि दुसरें, एक धनी गेल्यावर दुसरा येईपर्यंतचे दिवस रिकामे न ठेवणें. भट घराण्यास पहिलें उत्तम साधलें. दुसरें साधलें नाहीं.

केवळ वारसा म्हणजे पकड नव्हे, याचें प्रमाण भटांच्या पूर्वींच मिळतें. मोरोपंत पिंगळे १६८० सालीं वारल्यावर पेशवाई त्याच्या पुत्राकडे, निळोपंताकडे गेली. व शाहूमहाराज दक्षिणेंत आल्यावर बहिरोपंत पिंगळे यास ती मिळाली. म्हणजे घराणें एकच होतें. पण १७१३ त कान्होजी आंगऱ्यानें घाटमाथ्यावरचे लोहगड व राजमाची हे किल्ले घेतले, त्यावर चालून गेलेला बहिरोपंत त्याच्या कैदेंत पडला, आणि पुण्याकडचा रस्ता आंगऱ्यास मोकळा झाला. घराण्याचा मान या वेळीं पिंगळ्यांच्या उपयोगी पडला नाहीं. शाहूमहाराजांनीं १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं मांजरी येथें पेशवाईचीं वस्त्रें बाळाजी विश्वनाथास दिलीं. त्यानें कान्होजीशीं लढाई न करतां, पुढच्याच वर्षाच्या आरंभीं तह जमविला. बहिरोपंत सुटला, सरखेली व कोंकणांतील किल्ले कान्होजीकडे कायम झाले, आणि राजमाचीहि त्याजकडेच राहिली. ती पेशव्यांकडे आली १७३० त. साजगांवच्या रहिवाशास ज्या डोंगररांगेचें नित्य दर्शन घडतें, तिच्यावरील एका किल्ल्याच्या भांडणांतून भटांची पेशवाई निघाली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

बाळाजी विश्वनाथ स्वतः मूळचा वतनदार. श्रीवर्धनची देशमुखी त्याच्या घराण्यांत होती. वतन कसें राखावें हें त्या घराण्यास ठाऊक होतें. १७१९ त दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा त्यानें आणविल्या. या स्वारींत थोरला पुत्र बाजीराव बरोबर होता. बाळाजी एप्रिल १७२० त सासवडास वारला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस मसूर येथें बाजीरावास वस्त्रें मिळालीं. वय पुरतें वीसहि नव्हतें. श्रीपतराव प्रतिनिधि आदिकरून मंडळींस ही नेमणूक रुचली नाहीं. परंतु अवधि थोड्या दिवसांचा, मुलगा दिल्ली पाहून आलेला, आणि सनदांचा अंमल बसविण्याचें काम अर्धें राहिलेलें. विरोधास जोर येण्यापूर्वींच वस्त्रें होऊन गेलीं.

पुढील वीस वर्षांत बाजीरावानें जें केलें त्यानें पदाचें स्वरूप पालटलें. शिंदे, होळकर व पवार हे नवे सरदार माळव्यांत उभे राहिले, ते पेशव्याच्या हाताखालीं. सेनापति त्रिंबकराव दाभाडे १ एप्रिल १७३१ रोजीं डभईच्या लढाईंत पडला, व पेशव्याशीं बरोबरी सांगणारें एक मोठें घराणें मागें सरलें. पुण्यांत शनिवारवाड्याचा पाया १७३० त घातला गेला. छत्रपति साताऱ्यास आणि कारभार पुण्यास, अशी वांटणी हळूहळू दिसूं लागली. आतां दुसऱ्या कोणास वस्त्रें दिलीं, तरी त्यास नर्मदेपलीकडची फौज कोण देणार? हा प्रश्न कोणत्याहि सनदेपेक्षां भट घराण्याचें अधिक रक्षण करणारा होता. हॅप्सबर्गांस त्यांच्या ऑस्ट्रियाच्या मुलखानें जें दिलें, तें भटांस माळव्यानें दिलें.

याची खरी परीक्षा १७४० त झाली. बाजीराव २८ एप्रिल रोजीं नर्मदातीरीं रावेरखेडीस वारला. पुत्र बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब एकोणीस वर्षांचा. रघूजी भोसल्यानें बारामतीचा सावकार बाबूजी नाईक जोशी याचें नांव पेशवाईसाठीं पुढें केलें. बाजीराव कर्जांत बुडालेला होता, आणि बाबूजी नाईक हा त्याचा एक धनको. त्यानें शाहूमहाराजांस मोठ्या नजराण्याची लालूचहि दाखविली. युरोपांत १५१९ सालीं पांचव्या चार्ल्सच्या निवडीस सुमारें साडेआठ लक्ष गुल्डन खर्च झाले, त्यांतील पांच लक्षांहून अधिक औग्सबुर्गच्या फुगर सावकारानें पुरविले. तेथें सावकारानें घराण्यास मुकुट मिळवून दिला. येथें सावकारच घराण्याविरुद्ध उमेदवार झाला. परंतु त्याजपाशीं पैका होता, फौज नव्हती. आणि ज्या रघूजीपाशीं फौज होती, ती त्या वेळीं कर्नाटकांत गुंतलेली. इकडे चिमाजीअप्पा जिवंत होता, व वसईचा विजय होऊन एकच वर्ष लोटलें होतें. २५ जून १७४० रोजीं वस्त्रें नानासाहेबासच मिळालीं. मधले दिवस मात्र अठ्ठावन्न. वीस वर्षांपूर्वीं हाच अवधि काय तो पंधरवड्याचा होता, हें येथें नमूद करून ठेवण्यासारखें आहे.

शाहूमहाराजांचा अधिकार पोकळ नव्हता, हें १७४७ त दिसून आलें. त्या वर्षाच्या आरंभीं त्यांनीं नानासाहेबास पेशवाईवरून दूर केलें. दुसऱ्या कोणास ती पेलेना, आणि एप्रिलांत वस्त्रें पुन्हां त्यासच द्यावीं लागलीं. देणाऱ्यास नाहीं म्हणतां येतें, पण दुसऱ्या कोणास देतां येत नाहीं, अशी ही स्थिति. वतन आणि नेमणूक यांतील भेद त्या एका वर्षांत नाहींसा झाला म्हणावयाचा; परंतु कागदावर तो तसाच राहिला. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहूमहाराज निपुत्रिक वारले. राज्याचा बंदोबस्त पेशव्यानें पाहावा, असें त्यांनीं लिहून ठेवलें होतें. पुढच्या वर्षीं सांगोल्यास रामराजाशीं जो करार झाला त्यानें कारभार पुरतेपणीं पुण्याकडे आला. आतां वस्त्रें देणारा हात घेणाऱ्याच्या ताब्यांत आला.

येथेंच भट घराण्याची चूक झाली, असें आम्हांस वाटतें. छत्रपति आपल्या हातांत आहेत, तेव्हां वस्त्रांची चिंता कशास, अशी समजूत झाली असावी. पुत्रास आपल्या हयातींत वस्त्रें देवविण्याची चाल या घराण्यानें कधींच पाडली नाहीं. वारस तयार करण्याची रीत होती : बाजीराव बापाबरोबर दिल्लीस गेला; विश्वासराव पानिपतावर नांवाचा मुख्य म्हणून पाठविला गेला व १४ जानेवारी १७६१ रोजीं तेथें पडला. परंतु तयारी म्हणजे नेमणूक नव्हे. नानासाहेब २३ जून १७६१ रोजीं वारला, आणि सोळा वर्षांच्या माधवरावास चुलता रघुनाथराव याजबरोबर साताऱ्यास जाऊन २० जुलैस वस्त्रें घ्यावीं लागलीं. मध्यें सत्तावीस दिवस. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास वारला. नारायणरावास वस्त्रें १३ डिसेंबरास मिळालीं. मध्यें पंचवीस दिवस. माधवराव दीर्घकाळ क्षयानें आजारी होता. भावास चुलत्याच्या हवालीं करण्यास त्यास वेळ मिळाला. पण त्याच काळांत वस्त्रें देववून भावाचें पद निर्विवाद करण्याची कल्पना पुढें आलेली दिसत नाहीं.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावाचा खून झाला. मग जो अवधि पडला त्यांत रघुनाथरावानें अमृतरावास साताऱ्यास पाठवून वस्त्रें आणविलीं, व १० ऑक्टोबर रोजीं आळेगांवच्या मुक्कामीं तीं धारण केलीं. त्याच रामराजानें १७७४ त दुसऱ्यांदा वस्त्रें पाठविलीं, तीं पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावास. मूल १८ एप्रिलास जन्मलें, वस्त्रें २८ मेस झालीं. म्हणजे वय चाळीस दिवसांचें. एकाच देणाऱ्याच्या हातचीं वस्त्रें मिळालेले दोन पेशवे एका घराण्यांत उभे राहिले. जर्मनींत १३१४ सालीं निर्वाचकांत फूट पडून बव्हेरियाचा लुई व ऑस्ट्रियाचा फ्रेडरिक असे दोन राजे एकदम निवडले गेले होते, व तंटा अखेर तरवारीनेंच मिटला. येथेंहि तेंच झालें. बारभाईंची बाजू बळकट होती, कारण घराण्याचा थेट वंश त्यांच्या हातीं. रघुनाथरावाची बाजू सर्वस्वीं पोकळ नव्हती, कारण वस्त्रें त्यासहि रीतसर मिळालीं होतीं. ही सबब इंग्रजांस पुरली. मार्च १७७५ त सुरतेचा तह झाला, आणि पेशवाईच्या वस्त्रांची किंमत साष्टी व वसई या रूपानें मागितली गेली.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची सुमारें ३,९०० माणसांची फौज रघुनाथरावास घेऊन पनवेलीवरून निघाली व खोपोलीवरून बोरघाट चढली. तोफा व सामान ओढण्यास एकोणीस हजारांवर बैल बरोबर होते. जी वाट बाळाजी विश्वनाथानें तहानें मोकळी केली, तीच वाट त्याचा नातू आतां परक्या फौजेसह चढत होता. पुढील हकीकत सर्वश्रुत आहे : कार्ल्यानजीक कप्तान स्टुअर्ट, ज्यास आपले लोक इष्टुर फांकडा म्हणत, तो पडला, फौज तळेगांवाहून मागें फिरली, आणि १६ जानेवारी १७७९ रोजीं वडगांवास इंग्रजांस करार लिहून द्यावा लागला. लढाई मराठ्यांनीं जिंकली. परंतु घराण्यांतील वादाच्या वाटेनें बाहेरच्या सत्तेस आंत येतां येतें, हें इंग्रजांनीं पाहून ठेवलें. आणि तें ते विसरले नाहींत.

२७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव निपुत्रिक वारला. आतांचा अवधि तेरा महिन्यांवर गेला. नाना फडणिसास रघुनाथरावाचा पुत्र बाजीराव नको होता. विधवेच्या मांडीवर दत्तक द्यावा असा त्याचा विचार. शेवटीं बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी यास दत्तक घेऊन मे १७९६ त वस्त्रें देवविलीं. आणि डिसेंबरांत तीं बाजीरावास मिळालीं. मध्यंतरीं दौलतराव शिंद्यास मुलूख व पैका कबूल झाला. आणि नानानें महाडास राहून निजामाशीं जो करार केला, त्यांत खर्ड्याच्या विजयानें मिळालेला मुलूख परत देण्याचें ठरलें. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ ची; तिचें फळ दीड वर्षांत रिकाम्या गादीच्या पायीं गेलें.

युरोपांत याचीं दोन उदाहरणें आहेत. सहावा चार्ल्स १७४० त, ज्या वर्षीं बाजीराव वारला त्याच वर्षीं, पुत्रावांचून व वारसाची निवड झाल्यावांचून मेला. पंधरा महिने गादी रिकामी राहिली, आणि तीन शतकांनंतर बादशाही मुकुट बव्हेरियाच्या घराण्यांत गेला. हॅप्सबर्गांपाशीं मुलूख होता म्हणून मारिया थेरेसाच्या पतीच्या रूपानें तो १७४५ त परत आला. पोलंडची गोष्ट अधिक दुःखाची. तेथें यागेलो घराण्यानें १५२९ त बापाच्या हयातींत पुत्राची निवड करून घेतली होती. परंतु तो वंश १५७२ त खुंटला, आणि पुढच्याच वर्षीं सरदारांनीं राजाच्या हयातींत वारस निवडूं नये असा नियम केला. तेव्हांपासून प्रत्येक रिकामी गादी म्हणजे शेजाऱ्यांस आमंत्रण झालें. १७६४ त रशियाच्या फौजेच्या छायेखालीं राजा निवडला गेला. १७९१ त गादी वंशपरंपरेची करण्याचा कायदा झाला. आणि १७९५ त राज्यच उरलें नाहीं. पुण्यास सवाई माधवराव वारला तो त्याच वर्षीं.

या सर्वांवरून निष्पन्न काय होतें? भट घराण्यानें पेशवाई राखिली ती फौज, मुलूख, कर्ज आणि कर्तृत्व यांच्या बळावर; देणाऱ्यास दुसरा पर्याय उरूं नये अशी तजवीज त्यानें पहिल्या चाळीस वर्षांत केली. परंतु पद शेवटपर्यंत नेमणुकीचें राहिलें, आणि एक नेमणूक संपून दुसरी होईपर्यंतचे दिवस भरून काढण्याची सोय त्यानें केली नाहीं. कर्ता पुरुष होता तोंवर हे दिवस थोडे होते. घरांत फूट पडली तेव्हां ते वाढले. आणि ते जसजसे वाढले तसतशी वस्त्रांची किंमत चढत गेली व ती बाहेरच्यांस द्यावी लागली. घराण्यांत कर्ते पुरुष उरले नाहींत, हें पेशवाईच्या नाशाचें कारण सांगतात तें खोटें नव्हे; पण कर्ता पुरुष नसतांहि पद निर्विवाद चालावें यासाठींच तर वारशाची रीत असते, आणि तीच येथें अपुरी राहिली.

या पदाचा शेवटहि रीतीस धरून झाला, हें विशेष आहे. १८१८ त इंग्रजांनीं पेशवाई बुडविली तेव्हां त्यांनीं साताऱ्याच्या गादीचा मान पुढें केला, व प्रतापसिंहमहाराजांस राज्य दिलें. ज्या छत्रपतींच्या नांवाचे शिक्के पेशव्यांनीं अखेरपर्यंत वापरले, त्यांचेंच नांव पेशव्यांविरुद्ध उपयोगास आलें. तें राज्यहि इंग्रजांनीं १८४८ त खालसा केलें.

खोपोलीस नाना फडणिसानें बांधलेलें तळें व महादेवाचें देऊळ आहे. घाट चढणाऱ्या वाटसरांच्या सोयीसाठीं तें तळें झालें. रिकाम्या गादीची व्यवस्था ज्यास दोन वेळां करावी लागली, एकदां चाळीस दिवसांच्या मुलास वस्त्रें देववून आणि एकदां तेरा महिने अनेकांच्या मिनतवाऱ्या करून, त्याच पुरुषाचें हें काम. वाटेवरील पाण्याची सोय त्यानें पक्की केली. दौलतीच्या वारशाची तशी सोय मात्र त्याच्यानें झाली नाहीं. ती त्याच्या पूर्वींच्यांनीं, हातांत बळ होतें तेव्हां, करावयाची होती.